स्पाची शर्यत वर्षाआड करणं म्हणजे ती घालवणंच

ओला_ट्रॅक:
बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटचा फॉर्म्युला वनशी करार २०३१ पर्यंत वाढला, तेव्हा ती आनंदाची बातमी म्हणून आली. पण २०२८ आणि २०३० मध्ये तिथे शर्यत होणार नाही, हेही त्याच बातमीत होतं. इटलीतलं इमोला २०२६ च्या वेळापत्रकात नाहीच. नेदरलँड्समधल्या झांडवूर्टची २०२६ ची शर्यत शेवटची.

माझं म्हणणं एवढंच, की वर्षाआड केलेली शर्यत टिकत नाही. जर्मनीत हॉकेनहाइम आणि न्यूर्बुर्गरिंग यांनी २००८ पासून आळीपाळीने शर्यत घ्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये न्यूर्बुर्गरिंगची पाळी होती, पण शर्यत झालीच नाही. हॉकेनहाइमला शेवटची २०१९ मध्ये झाली. आता शूमाकर आणि फेटेल या जगज्जेत्यांच्या देशात ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, नाही.

आणि स्पा म्हणजे नुसतं एक नाव नाही. ७.००४ किलोमीटर, आजच्या वेळापत्रकातला सर्वांत लांब ट्रॅक, अर्देनच्या जंगलातल्या चढउतारांवर. एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, असं तिथे खरंच होतं. कोणते टायर लावायचे याचा निर्णय घेताना भल्याभल्या संघांची तारांबळ उडते. ओ रूजच्या वळणाला गाडी खाली झेपावते आणि लगेच चढाला लागते, तेव्हा चालकाला समोर रस्ता नाही, आभाळ दिसतं. सपाट वाळवंटात कितीही पैसा ओतला तरी हा चढ बांधता येईल का? आपल्याकडे ही शर्यत रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. वर्षातला तो एक रविवार मी कुणालाही देत नाही.

दुसरा_गिअर:
असहमत. जर्मनीत तिकिटांच्या पैशातून शर्यत भरवायच्या फीचं गणित जमेना, म्हणून शर्यत गेली. पाळी हा त्यावर काढलेला उपाय होता, तो रोग नव्हता.

आणि स्पाचा इतिहास पूर्ण सांगा. मूळचा ट्रॅक साधारण १४-१५ किलोमीटरचा, गावागावांतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांचा. १९६० च्या एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन चालक अपघातात गेले. १९६६ मध्ये चालक जॅकी स्टुअर्ट मोडक्या गाडीत पेट्रोलने भिजून अडकला होता. सुरक्षेसाठीची त्याची लढाई तिथून सुरू झाली. १९६९ मध्ये चालकांनी बहिष्कार घातला, १९७० नंतर फॉर्म्युला वनने तो ट्रॅक सोडला. छोटा केलेला ट्रॅक १९८३ मध्ये परत आला आणि आज तुम्ही जीव टाकता तो हाच. तेरा वर्षांच्या खंडाने जे मेलं नाही, ते एका वर्षाच्या सुट्टीने मरेल?

पिटलेन:
पैशाबद्दल थोडं. शर्यत भरवायची फी आयोजक भरतो. काही देशांत ती सरकारी तिजोरीतून जाते आणि जाहिरातीचा खर्च म्हणून खपते. झांडवूर्टचे आयोजक खासगी. डच चालक फर्स्टापनच्या जोरावर स्टँड भरत होते, तरी २०२६ नंतर थांबायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. स्पाला निदान वर्षाआड तरी जागा मिळाली, हे मला कमी वाटत नाही.

लांबचा_प्रेक्षक:
‘ऐतिहासिक’ म्हटलं की आपण युरोपच का धरतो? दक्षिण आफ्रिकेचं क्यालामी १९६० च्या दशकापासूनचं. तिथली शेवटची ग्रां प्री १९९३ ची. तेव्हापासून अख्ख्या आफ्रिका खंडात एकही शर्यत नाही. आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ ते २०१३, तीन शर्यती, तिन्ही फेटेलने जिंकल्या, आणि करांच्या वादात सगळं संपलं. त्याला इतिहास व्हायला वेळच मिळाला नाही. २४ शर्यतींच्या वेळापत्रकात नव्यांना जागा हवी तर कुणीतरी सरकायला हवं.

ओला_ट्रॅक:
@लांबचा_प्रेक्षक, क्यालामी परत यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण जागा करायची तर एकाच देशात तीन शर्यती कशाला? अमेरिकेत ऑस्टिन, मायामी, लास वेगास आहेत. तिथली एक वर्षाआड करा. स्पालाच का?

@दुसरा_गिअर, १९८३ चा मुद्दा मान्य, मी तो विसरलो होतो. पण तेव्हा परतीची वाट मोकळी होती. आज सुटलेल्या जागेसाठी रांग लागलेली आहे. आणि बदल केला की ट्रॅक वाचतो, असंही नाही. हॉकेनहाइमने २००२ मध्ये जंगलातले लांब सरळ पट्टे काढून टाकले, ट्रॅक साडेचार किलोमीटरवर आणला, जुन्या रस्त्याच्या जागी झाडं लावली. सांगितलं ते सगळं केलं, तरी शर्यत गेलीच.

निळा_झेंडा:
कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ मध्ये स्पालाच, ओ रूजनंतरच्या रेदियों चढाच्या माथ्यावर आँत्वान ह्यूबेअर अपघातात गेला, तेव्हा मी ती फॉर्म्युला टूची (वनच्या खालच्या पातळीची) शर्यत लाइव्ह बघत होतो. २२ वर्षांचा मुलगा. २०२३ मध्ये पावसात दिलानो व्हान त हॉफ, १८ वर्षांचा. मधे २०२२ मध्ये सुधारणा झाल्या, खडीचे पट्टे वाढवले. तुम्ही ज्या चढाबद्दल आणि पावसाबद्दल एवढं प्रेमाने लिहिलंत, तेच दोन्ही त्यात होते. मला स्पा हवं आहे, पण ‘काहीही होवो, स्पा हवंच’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

ओला_ट्रॅक:
@निळा_झेंडा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०२१ मध्ये स्पाला पावसात सेफ्टी कारमागे (वेग रोखून धरणाऱ्या गाडीमागे) जेमतेम काही फेऱ्या मारून अर्धे गुण दिले, तेव्हा मी संतापलो होतो. आज वाटतं, त्या पावसात गाड्या मोकळ्या सोडल्या नाहीत ते बरोबर होतं. तरी २०२८ च्या उन्हाळ्यात स्पाचा रविवार रिकामा असेल, हे मनाला पटत नाही.

दुसरा_गिअर:
२०२९ ला याच धाग्यावर भेटू. तेव्हा स्टँड भरलेले नसतील, तर तुमचं खरं मानेन.