मदत हवी आहे: एसडी कार्ड माउंट करताना (वापरासाठी उघडताना) किती तपासायचं?

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागांसाठी ठिबकचा छोटा कंट्रोलर बनवतोय. कोणत्या व्हॉल्व्हला किती वेळ पाणी द्यायचं ते वेळापत्रक आणि रोजची नोंद एसडी कार्डवर असते. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) माझंच, सी भाषेत लिहिलेलं, त्यात एक्स्ट२चा (लिनक्सची जुनी फाइल सिस्टिम) ड्रायव्हर. थ्री फेज लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे लिहिता लिहिता पॉवर जाणं नेहमीचंच. शिवाय शेतकरी कार्ड काढून घरच्या कॉम्प्युटरला लावतात, कधी दुसरंच आणून घालतात. मे महिन्यात इकडे पारा ४५च्या घरात असतो. तेव्हा खराब कार्डापायी कर्नल पॅनिक होऊन (म्हणजे सगळंच ठप्प होऊन) ठिबक बंद पडलं, तर निसवणीला (घड बाहेर पडायला) आलेली बाग हातची जाईल. म्हणून कार्डवरचा कुठलाही आकडा तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असं धरून चाललोय.

सध्या १०२४व्या बाइटपासून सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती) वाचतो आणि मॅजिक (ओळखीचा ठरलेला आकडा, हेक्स ईएफ५३) बघतो. पण मॅजिक जुळलं म्हणून बाकीचं बरोबर असेलच असं नाही. ब्लॉक साइज काढायला १०२४ला कार्डवरच्या आकड्याइतकं डावीकडे शिफ्ट करावं लागतं. तिथे ४० असेल तर ३२ बिटांच्या इंटवर ते अनडिफाइन्ड बिहेविअर (परिणाम काहीही होऊ शकतो), म्हणून शिफ्टच्या आधीच आकडा २पेक्षा मोठा दिसला की नकार (माझा ड्रायव्हर ४ केबीपर्यंतच चालतो). कार्डचे ब्लॉक गटांत वाटलेले असतात; एका गटातले ब्लॉक शून्य असतील तर पुढे शून्याने भागाकार होतो. ते ब्लॉक साइजच्या ८ पटींहून जास्तही नकोत, कारण गटाचा बिटमॅप (कोणते ब्लॉक वापरात आहेत याची नोंद, ब्लॉकमागे एक बिट) एकाच ब्लॉकमध्ये मावायला हवा. इनोड (प्रत्येक फाइलच्या माहितीची नोंद) साइज किमान १२८ बाइट आणि दोनाचा घात. एकूण ब्लॉक कार्डच्या खऱ्या क्षमतेत बसतात का, हेही बघतो. मोठ्या कार्डची इमेज लहान कार्डवर टाकली की नेमकं तिथेच फसतं. अनोळखी इनकॉम्पॅट फ्लॅग (ही सुविधा कळत नसेल तर उघडूच नका, अशी खूण) दिसला तर माउंट नाही, अनोळखी आरओ-कॉम्पॅट (कळत नसेल तर लिहू नका, अशी खूण) असेल तर फक्त वाचायला.

अडलंय पुढे. ग्रुप डिस्क्रिप्टर (गटाचे बिटमॅप आणि इनोड टेबल कुठे आहेत ते सांगणारी नोंद), इनोड, डिरेक्टरी हे सगळं माउंटलाच तपासायचं का? एफएससीकेचं (अख्खी फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्रॅम) काम कर्नलमध्ये करायला माझ्याकडे तेवढी रॅम नाही. दुसरं, चूक सापडल्यावर काय करायचं ते सुपरब्लॉकच सांगतो: १ म्हणजे चालू ठेवा, २ म्हणजे रीड-ओन्ली करा, ३ म्हणजे पॅनिक. कार्ड म्हणतंय म्हणून पॅनिक व्हायचं का?

प्रतिसाद:

भाऊ, ग्रुप डिस्क्रिप्टर माउंटलाच तपासा, ते स्वस्तात होतं. ४ केबीचा ब्लॉक धरला तर एक गट १२८ एमबीचा. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डवर गट अडीचशेच्या आत, आणि डिस्क्रिप्टर ३२ बाइटचा, म्हणून सगळे मिळून दोन ब्लॉक वाचायचे. प्रत्येकातले तीन पत्ते बघा: ब्लॉक बिटमॅप, इनोड बिटमॅप, इनोड टेबल. टेबल अख्खं कार्डच्या हद्दीत बसलं पाहिजे, नुसती सुरुवात बघून भागत नाही. यातला कुठलाही पत्ता सुपरब्लॉकवर पडत असेल तर सरळ नकार द्या, नाहीतर बिटमॅप लिहायला जाल आणि सुपरब्लॉक पुसला जाईल. लिनक्सचं एक्स्ट४ही माउंट करताना डिस्क्रिप्टरची अशी तपासणी करतं.

इनोड आणि डिरेक्टरी मात्र वापरायच्या वेळीच. डिरेक्टरीत नोंदीची लांबी जिथे लिहिलेली असते तिथे फार जपा. ती शून्य आली तर लूप पुढे सरकतच नाही, पॅनिकही होत नाही, मशीन नुसतं अडकून बसतं. लांबीला ४ने भाग जायला हवा, ८ बाइट अधिक नाव तीत मावायला हवं, आणि नोंद ब्लॉकबाहेर जायला नको. तपासलेले आकडे स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये कॉपी करून तेच वापरा, बफरमधून पुन्हा वाचू नका.

पॅनिकचं म्हणाल तर कार्डचं ऐकू नका. लिनक्समध्येसुद्धा माउंट करताना दिलेला एरर्स ऑप्शन कार्डवरच्या आकड्याला मागे सारतो. तुम्ही २ कायमचं धरा.

धागाकर्ता:

मनापासून आभार दादा. डिस्क्रिप्टर दोनच ब्लॉकमध्ये येतात हा हिशेब मी मांडलाच नव्हता, आता ते माउंटलाच घेतो.

एक राहिलंच. काही कार्डं एक्स्ट३ची (एक्स्ट२ला जर्नल, म्हणजे बदल आधी लिहून ठेवायची वही, जोडलेली) येतात. घरच्या कॉम्प्युटरमधून अनमाउंट न करता ओढून काढली की जर्नल रिकव्हरी बाकी असल्याचा इनकॉम्पॅट बिट (४) तसाच राहतो. अशा कार्डला मी नकार देतो आणि वेळापत्रक बोर्डवरच्या फ्लॅशमधल्या जुन्या प्रतीवर चालवतो. पाणी चालू राहतं, पण शेतकऱ्याने केलेला बदल लागू होत नाही. जर्नल लागू केल्याशिवाय नुसतं वाचायला उघडलं तर वेळापत्रकाची फाइल अर्धवट बदललेली दिसू शकते, ती जोखीम मला नको. लहान रॅममध्ये फक्त जर्नल रिप्ले करणारा कोड कोणी लिहिलाय का? जर्नलचा स्वतःचा सुपरब्लॉक कितपत तपासलात तेही सांगा.