ट्रॅफिकमध्ये एसी: गरज की पेट्रोलची नासाडी?

औंधकर:
सकाळी औंधहून हिंजवडीला निघालं की वाकडच्या पुलापासून पुढे गाड्या नुसत्या सरकत असतात. हवेत गारवा असला तरी निम्म्याहून जास्त गाड्यांच्या काचा बंद, एसी चालू. मला हे अजिबात पटत नाही. एसीतला गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, त्याला लागणारी ताकद पेट्रोलमधूनच येते. छोटी पेट्रोल गाडी नुसती चालू उभी ठेवली तरी तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर पिते. एसी लावला की तेच लिटरच्या आसपास जातं, आणि अंतर कापलेलं असतं शून्य. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तरी काचा खाली करा ना!

सिंहगडरोडवाली:
आणि पुढच्या टेम्पोचा धूर कोणी घ्यायचा? माझ्या मुलीला दमा आहे. काचा बंद आणि हवा रीसर्क्युलेशनवर, म्हणजे गाडीतलीच हवा परत फिरवत, असली की धूर-धूळ बरीच अडते. पेट्रोलचे चार पैसे वाचवून डॉक्टरचं बिल भरायची माझी तयारी नाही.

औंधकर:
ताई, घरात दमा असेल तर एसी लावायलाच हवा, त्यावर वादच नाही. मी धडधाकट, एकट्याने गाडी नेणाऱ्यांबद्दल बोलतोय.

कोथरूड_डावी_भुसारी:
"चार पैसे" म्हणू नका. कडक उन्हात, त्यातही जवळच्या फेऱ्यांत, एसीमुळे मायलेज पंचवीस टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं, असं अमेरिकन सरकारच इंधनबचतीच्या माहितीत सांगतं. आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, मायलेजचा आकडा बघून आपण गाडी घेतो, पण ती चाचणी एसी बंद ठेवून होते. मग "कंपनीने फसवलं" म्हणून ओरडायचं.

सिंहगडरोडवाली:
बरं, मग एक्सप्रेसवेवर काय कराल? ताशी शंभरने काचा उघड्या ठेवल्या की वारा आत घुसून गाडीला मागे ओढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तिथे काचा बंद करून एसी लावलेलाच बरा. म्हणजे "एसी बंद = बचत" हे सरसकट खरं नाही.

भोसरी_गॅरेज:
दोघांनाही सांगतो, खरी नासाडी वापरण्याच्या पद्धतीत आहे. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या लोक एसी फुल करतात. आधी चारही काचा खाली करा, मिनिटभर गाडी चालवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा आणि रीसर्क्युलेशन दाबा. दुसरं म्हणजे, साध्या मॅन्युअल एसीत टेम्परेचरचा नॉब मधोमध आणला म्हणून पेट्रोल वाचेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर तेवढंच काम करतो, फक्त थंड हवेत हीटरची गरम हवा मिसळते. नॉब पूर्ण थंडवर ठेवा, ब्लोअर कमी करा, गार वाटलं की एसीचं बटण बंद करा. कंडेन्सरवरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवरची, धूळ, चिखल सर्व्हिसिंगला धुऊन घ्या. तो माखलेला असेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

औंधकर:
भाऊ, उत्तम माहिती. हायवेचं मलाही मान्य आहे, पण माझा मुद्दा वाकडच्या रांगेचा आहे. तिथे वाऱ्याचा विरोध नसतोच.

सिंहगडरोडवाली:
रांगेचंच बोलायचं तर सिग्नलला इंजिन बंद करा. कितीतरी चौकांत सेकंद दिसतात. साठ-सत्तर सेकंद बाकी असताना एसी बंद करून इंजिन चालूच ठेवणारे काय वाचवतात? मी इंजिन बंद करते, ब्लोअर चालू राहतो, तेवढा वेळ गार हवा पुरते. हे करा, मग माझ्या एसीबद्दल बोला.