एचबीआयजी इंजेक्शन ठाण्यात कुठे मिळेल? अर्जंट

कासारवडवलीकर: एचबीआयजी, म्हणजे हिपॅटायटीस बी विरुद्धच्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन हवंय. घोडबंदर रोडवरची सगळी मेडिकल पालथी घातली, कुणाकडेच नाही, एक जण म्हणतो मागवून देतो पण पैसे आधी भरा आणि माल परत घेणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं लिहून दिलंय "अरेंज करून ठेवा". ठाणे किंवा नवी मुंबईत हमखास कुठे मिळतं तेवढं सांगा. गुगल मीपण करून झालंय, ज्यांनी आणलंय त्यांनीच लिहा प्लीज.

खारेगावचा बंड्या: सुई टोचली का कुणाला? तसं असेल तर हे इंजेक्शन शोधत बसू नका, आधी एचआयव्हीचं पेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणूनच्या गोळ्या, चालू करा. ७२ तासांच्या आत पहिली गोळी गेलीच पाहिजे, जेवढी लवकर तेवढं बरं, मग २८ दिवस कोर्स. सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळतं. मी लॅबमध्ये आहे, मला टोचली तेव्हा कॅज्युअल्टीतूनच गोळ्या दिल्या होत्या. काही अडलं तर एड्स हेल्पलाइन १०९७ ला फोन लावा.

कासारवडवलीकर: सुई वगैरे काही नाही हो. इंजेक्शन कुठे मिळेल एवढंच विचारलंय.

सिस्टर_वाशी: कुणासाठी पाहिजे, वय काय, कधी द्यायचंय? बाळाचा डोस वेगळा, मोठ्या माणसाचा वेगळा. हे माहीत नसताना दुकान सांगून काय उपयोग.

कासारवडवलीकर: बहिणीचं आहे. ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आलंय.

विन्या ऐरोली: ऑस्ट्रेलियाला जाऊन आली का ती?

सिस्टर_वाशी: विन्या, गप. दादा, ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे हिपॅटायटीस बी, जुने डॉक्टर आणि लॅबवाले अजून तेच नाव लिहितात. पण पॉझिटिव्ह माणसाला हे इंजेक्शन देतच नाहीत, त्याचा काही फायदा नाही. बहीण गरोदर आहे का?

कासारवडवलीकर: हो, आठवा संपत आलाय. सातव्यात डोहाळजेवण करून माहेरी आणली, इथल्या नर्सिंग होमला नाव घातलं तेव्हा रक्त तपासलं आणि हे निघालं. तिकडच्या फाइलमध्ये ही टेस्टच नाही. डॉक्टर म्हणाले डिलिव्हरीला इंजेक्शन हातात पाहिजे, नाहीतर दुसरीकडे बघा.

सौ. नौपाडा: अहो कावीळच ना ती? आमच्या माहेरी काविळीची माळ घालतात, जशी कावीळ उतरते तशी माळ लांब होत जाते. माझ्या दिराची उतरली अशी. भुईआवळ्याचा रस पण द्या सकाळी उपाशीपोटी. एवढ्या महागड्या सुया कशाला बाळंतिणीला.

कासारवडवलीकर: काकू, तिला कावीळ नाहीये. डोळे पांढरे स्वच्छ, जेवण व्यवस्थित. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.

खारेगावचा बंड्या: माळ ती वनस्पतीच सैल होते म्हणून लांब होते काकू, लिव्हरचा काय संबंध. आणि तुमच्या दिराची पाण्यातून होणारी असणार, ए किंवा ई, ती बहुतेकांची आपली आपणच बरी होते.

सौ. नौपाडा: तुम्ही लॅबवाले सगळ्यालाच नावं ठेवता. दीर आज ठणठणीत आहे.

सिस्टर_वाशी: काकू, गरोदरपणात कुठलाही रस मनाने देऊ नका, प्लीज. दादा, आता नीट वाचा. इंजेक्शन बहिणीला नाही, बाळाला द्यायचंय, जन्मल्यावर शक्यतो १२ तासांत. नवजात बाळाला साधारण १०० युनिट लागतात, मेडिकलवाल्याला तसंच सांगा नाहीतर मोठ्यांची बाटली गळ्यात मारेल. आणि त्याच्याइतकीच, मी तर म्हणेन जास्तच, महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिपॅटायटीस बी ची लस, ती २४ तासांच्या आत गेलीच पाहिजे, इंजेक्शन एका मांडीत आणि लस दुसऱ्या मांडीत. लोक इंजेक्शनसाठी गावभर फिरतात आणि रविवारी डिलिव्हरी झाली की लस "सोमवारी देऊ" म्हणून राहते, हे मी वॉर्डात पाहिलंय. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंटमधून, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लशीतून, ती परत मिळतेच, पण पहिला डोस त्याने भरून निघत नाही. एवढा आटापिटा का, तर मोठेपणी हा व्हायरस लागला तर बहुतेकांच्या अंगातून निघून जातो, जन्मताना लागला तर दहातल्या नऊ बाळांना जन्मभर राहतो.

डायलिसिसवाला काका: घाबरू नका, यावर आता १२ आठवड्यांच्या गोळ्या आल्यात. मला डायलिसिसमधून लागलं होतं, सोफोस्बुविर घेतली, व्हायरल लोड निल. सरकारी प्रोग्रॅममध्ये एक रुपया लागला नाही. २८ जुलै २०१८ ला चालू झालाय, राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम.

खारेगावचा बंड्या: काका तुमचं सी होतं. हिचं बी आहे. बी मध्ये गोळ्यांनी व्हायरस दाबून ठेवतात, मुळापासून जात नाही.

डायलिसिसवाला काका: बरं, पण प्रोग्रॅम तोच आहे ना? बी पण त्यात फुकट आहे. आणि सरकार २०३० पर्यंत हे सगळं संपवायचं म्हणतंय तर आधी डायलिसिस सेंटरच्या मशिनींकडे बघा म्हणावं, माझी दोन वर्षं खाल्ली.

सिस्टर_वाशी: काका, मुद्दा बरोबर आहे तुमचा. त्याच कार्यक्रमात पॉझिटिव्ह आईच्या बाळाला एचबीआयजी फुकट द्यायची तरतूद आहे. म्हणून दादा, मेडिकलवाल्याच्या हातावर पैसे ठेवायच्या आधी सिव्हिलला किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलला रिपोर्ट घेऊन जा आणि विचारा, टोल फ्री १८०० ११ ६६६६ पण आहे. स्टॉक आहे का ते मात्र समोर उभं राहून विचारा, फोनवर सगळेच "या" म्हणतात.

कासारवडवलीकर: सरकारीत तिची डिलिव्हरी करायची नाहीये. आई ऐकणार नाही.

विन्या ऐरोली: मग भरा पैसे. माझ्या बायकोची महापालिकेच्या हॉस्पिटलात झाली, काही वाईट नव्हतं. त्यात घोडबंदरला रात्री कळा सुरू झाल्या आणि गायमुखला ट्रॅफिक असला तर कुठलं प्रायव्हेट नि कुठलं काय.

सौ. नौपाडा: घोडबंदरचं नाव नका काढू, परवा भाचीला घरी यायला दीड तास लागला. मेट्रो कधी होणार देव जाणे.

कासारवडवलीकर: अजून एक. नर्सिंग होम म्हणतंय अशा पेशंटला ओटी (ऑपरेशन थिएटर) वेगळी करावी लागते, किटचे जास्तीचे पैसे पडतील, आणि सिझरच करावं लागेल. खरं आहे का?

ठाणे_वकील: अजिबात द्यायचे नाहीत. २०१७ चा कायदा आहे, भेदभाव करता येत नाही, नोटीस पाठवा.

खारेगावचा बंड्या: वकीलसाहेब, तो एचआयव्ही आणि एड्सचा कायदा. हिपॅटायटीस बी त्यात नाही. तो दाखवाल तर तिथेच हसतील.

ठाणे_वकील: तत्त्व तेच आहे. ग्राहक आयोग आहेच.

सिस्टर_वाशी: नोटीस पाठवून त्याच टेबलावर बाळंतीण होणार का ती? दादा, फक्त बी आहे म्हणून सिझर करायचं कारण नाही. हातमोजे, उकळणं, स्टरलायझेशन हे प्रत्येक पेशंटला तेवढंच लागतं, कारण कितीतरी जणांची टेस्टच झालेली नसते. लेखी बिल मागा, बघा सूर बदलतो का. अंगावर पाजायला हरकत नाही हेही आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी पावडरच्या दुधाचा डबा आणून देईल. आता मला सांगा, व्हायरल लोड केला का? एचबीव्ही डीएनए, रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट?

कासारवडवलीकर: नाही. ते कुणी सांगितलंच नाही.

सिस्टर_वाशी: इंजेक्शनच्या आधी ते करा. व्हायरल लोड मिलिलिटरला दोन लाख युनिटच्या वर असेल तर आईला टेनोफोविर देतात, ती रोजची गोळी असते. नुसती लस आणि इंजेक्शन अशा वेळी कमी पडू शकतं. ही गोळी खरं तर २८ आठवड्यांच्या आसपास चालू करतात, तुमचा उशीर झालाय, म्हणून उद्याच लिव्हरच्या नाहीतर एमडी डॉक्टरांना दाखवा, लिव्हर फंक्शनचा रिपोर्टही न्या. आणि तिच्या नवऱ्याची टेस्ट झाली का?

कासारवडवलीकर: सासरी सांगितलेलं नाही अजून. ते म्हणतील मुलगी आजारी होती आणि लपवून लग्न लावलं.

सौ. नौपाडा: सांगूच नका. बाळ होऊ दे सुखरूप, मग बघू.

डायलिसिसवाला काका: पोरीला तिच्या आईकडूनच जन्मताना आलं असेल, कुणाला माहीत. तुमच्या आईची केलीत का टेस्ट? तुमची स्वतःची?

सिस्टर_वाशी: काकू, नवऱ्याला कळायलाच हवं. आधी टेस्ट, निगेटिव्ह आला तर लस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, एवढंच. पण तिला विचारून सांगा, तिच्या पाठीमागे नको. ताटवाटी, कपडे वेगळे करायची गरज नाही, तसं कुणी करायला लागलं तर घरातलं भांडण तिथूनच सुरू होतं. रेझर, ब्रश तेवढे वेगळे.

कासारवडवलीकर: उद्या सकाळी तिला घेऊन एमडींकडे जातोय, डीएनएला रक्त तिथेच देऊ म्हणाले. सिव्हिललाही विचारून येतो. आईची टेस्ट काढायची म्हटलं तर ती म्हणते मला काय धाड भरलीय. एक सांगा, इंजेक्शन आत्ताच आणून ठेवलं तर चालेल का, फ्रिजमध्ये?

सिस्टर_वाशी: २ ते ८ डिग्रीत चालतं, एक्सपायरी बघून घ्या. फ्रीजरमध्ये नको, दारातल्या कप्प्यातही नको. आणताना बर्फाच्या पिशवीत आणा पण बर्फाला चिकटून नको.

विन्या ऐरोली: धाग्यात आहोत तर विचारतो, हिपॅटायटीस ए ची लस मोठ्या माणसाला कुठे मिळेल? आमच्या सोसायटीत पाण्याचा घोळ चालू आहे.

खारेगावचा बंड्या: वेगळा धागा काढ ना यार.