आईच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, १० हजारात साउंड कार्ड कोणतं घेऊ?

सांगलीकर:
नमस्कार मंडळी. आईला जात्यावरच्या शंभरेक ओव्या अजून पाठ आहेत, त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्यात. मोबाईलवर करून बघितलं तर आवाज चपटा येतो, कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी जॅकला माईक लावला तर नुसती खरखर. दुकानदार म्हणतोय आत बसणारं ७.१ वालं कार्ड घ्या. बजेट माईक धरून १० हजार. घेऊ का?

तबलजी:
७.१ म्हणजे आठ स्पीकर जोडायचं कार्ड, ते अजिबात नको, ते सिनेमा नि गेमसाठी, म्हणजे ऐकायला. त्याला एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड वायरचा) माईक जोडता येत नाही आणि कंडेन्सर माईकला, म्हणजे स्टुडिओतल्या नाजूक माईकला, लागणारे ४८ व्होल्टही मिळत नाहीत. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माईक जोडायचा यूएसबीवरचा डबा, तो बाहेर टेबलावर राहतो त्यामुळे आतली खरखरही टळते. बेरिंगरचा यूएमसी२२ स्वस्त आहे पण १६ बिटवर (आवाज किती बारकाईने नोंदतो त्याचं माप) थांबतो, जमलं तर यूएमसी२०२एचडी बघा, दोन माईक जोडता येतात आणि २४ बिट आहे. २४ बिटचा खरा फायदा असा की गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) कमी ठेवता येतो, आई मध्येच वरच्या सुरात गेली तरी आवाज फाटत नाही, आणि एकदा फाटला की नंतर काही करता येत नाही. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर -१२ डीबीच्या आसपास राहू द्या. डब्यावरच्या १९२ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाज किती वेळा मोजतो तो आकडा) भुलू नका, ४८ भरपूर झालं.

सांगलीकर:
धन्यवाद! आईला जातं ओढल्याशिवाय ओवी सुचतच नाही, आणि ती घरघर पण हवीच आहे मला. मग दोन माईक घ्यायचे का?

घुमट:
हो, म्हणून तर २०२. एक आईच्या तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला, दुसरा खाली जात्याकडे, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घ्या म्हणजे घरघर नंतर कमीजास्त करता येते. जातं फिरताना जमीन थरथरते ती स्टँडमधून माईकमध्ये शिरते, स्टँडखाली गोधडीची घडी घाला. आणि पंखा, फ्रिज बंद करा हो आठवणीने. मी आजीची धालोची (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची) गाणी पंखा चालू ठेवून रेकॉर्ड केली, आता आजी नाही आणि प्रत्येक गाण्यात तो पंखा आहे.

सांगलीकर:
हे वाचून गलबललं. २०२ च घेतो, माईक आत्ता एकच, दुसरा तबल्यावाल्या मित्राकडून आणतो. आईला सांगितलं तर म्हणाली आधी माळ्यावरचं जातं काढ आणि टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने टाचून आण.