मदत हवी आहे: न्यू जर्सीच्या थंडीत रोझमेरी अंगणात टिकेल का?

नमस्कार मंडळी! आम्ही मध्य न्यू जर्सीत, झोन ७ मध्ये (हिवाळ्यातल्या थंडीवरून बागायतीसाठी पाडलेल्या पट्ट्यांपैकी एक) राहतो. कुंडीतली रोझमेरी (स्वयंपाकात वापरतात ते सुगंधी झुडूप) हिवाळ्यात घरात घेतली की हीटरच्या कोरड्या हवेत तिच्यावर भुरी (पांढरी बुरशी) चढते. म्हणून यंदा 'आर्प' जातीचं रोप थेट जमिनीत लावलंय. ही जात टेक्सासमधल्या आर्प गावची, थंडीला चिवट म्हणून नावाजलेली.

खरी धास्ती थंडीपेक्षा ओलीची आहे. आमची माती चिकण, बर्फ वितळला की मुळाशी पाणी साचतं. दक्षिणेच्या भिंतीलगत, भरपूर उन्हात वाफा वीतभर उंच करून त्यात बारीक खडी मिसळलीय. तरी खालच्या फांद्या तपकिरी पडू लागल्यात. नखाने खरवडलं तर सालीखाली अजून हिरवं दिसतं.

बुंध्याशी पालापाचोळा घालावा की नुसती खडी पसरावी? जानेवारीच्या वाऱ्यासाठी गोणपाट गुंडाळता का? आणि छाटणी आत्ता की वसंतात? मला तरी आत्ता नको वाटतं, पण शेजारच्या आजी हटून बसल्यात.

पेनसिल्व्हेनिया, डेलावेअरवाल्यांनी आधी सांगा. कॅलिफोर्नियावाल्यांनी हसू नये, तुमच्याकडे रोझमेरीची कुंपणं असतात हे ठाऊक आहे!