मदत हवी आहे: एका हाताने चालवता येईल असं गेमिंग स्टेअरिंग आणि 'फार्मिंग सिम्युलेटर'ची कोणती आवृत्ती?

सरीवरंबा

नमस्कार मंडळी,

प्रश्न गेमचा आहे, पण गेम माझ्यासाठी नकोय, वडिलांसाठी हवाय. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय ६७. वाळवा तालुक्यात आमचा चार एकर ऊस आहे. तांबडी मॅसी १०३५ आण्णांनी बावीस वर्षं स्वतः चालवली, ड्रायव्हर कधी ठेवला नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात खांद्यापासून जड झालाय आणि उजवा पाय ओढत चालतात. शेत आता चुलतभाऊ बघतो. ट्रॅक्टर शेडमध्येच असतो. आण्णा रोज सकाळी काठी टेकत शेडपर्यंत जातात, डाव्या हाताने बॉनेटवरची धूळ पुसतात आणि परत येऊन ओसरीवर बसतात.

दिवाळीत भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता. त्यात 'फार्मिंग सिम्युलेटर २२' हा शेती करायचा गेम होता. अमेरिकेतल्या एल्मक्रीक नावाच्या नकाशावर त्याने कल्टिव्हेटर जोडला आणि गेममधल्या कामगाराला कामाला लावून तो फराळाला उठला. आण्णा मागे खुर्चीत बसून बघत होते. कामगाराने रान उरकलं, पण वळणाची पट्टी तशीच सोडून दिली. आण्णा लगेच म्हणाले, "कडंचं राह्यलं की रं. ते कोण करणार?"

भाच्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. डब्ल्यू, ए, एस, डी ही बटणं कीबोर्डवर डावीकडेच असतात, त्यामुळे त्यांचा डावा हात बरोबर बसला. पुढची चाळीस मिनिटं आण्णा शेताच्या कडा काढत होते. झटक्यानंतर एका जागी इतका वेळ लक्ष लावून बसलेले मी त्यांना पाहिलेच नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले, "बटणानं तास सरळ जात न्हाई. स्टेरिंग पायजे."

तेव्हापासून मी या मागे लागले आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने त्यांना गेममधला ऊस दाखवला. लागणीच्या यंत्रात बियाण्याची पिशवी रिकामी करायची नसते, ऊसच भरावा लागतो. ते बघून आण्णा एकदम सरसावून बसले. "म्हंजे बेणं घालतंय!" तोडणीनंतर तोच ऊस पुन्हा फुटून आला, तेव्हा "खोडवा धरलाय" म्हणून त्यांनी आईला हाक मारून दाखवलं. तोडणीचं यंत्र केस आयएचचं ऑस्टॉफ्ट आहे. त्याला स्वतःची टाकी नाही, शेजारून ट्रेलर चालवत न्यावा लागतो. आमच्या भागात मशीनने तोड होते तेव्हाही असंच असतं. आण्णांची तक्रार एकच होती: पाणी कुठेच द्यावं लागत नाही आणि भरणीही (उसाच्या बुडाला माती लावणं) नाही. "पाण्याबिगर ऊस कसा म्हणायचा ह्याला?"

गेममधलं दुकान तर त्यांना इतकं आवडलं की एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. कंपन्यांची नावं ओळीने लावलेली आहेत. जॉन डिअर, न्यू हॉलंड, मॅसी फर्ग्युसन त्यांना माहीतच होते. पण मास्किओ गास्पार्दोचं नाव आल्यावर म्हणाले, ही तर रांजणगावची रोटाव्हेटरवाली कंपनी. मी सांगितलं, मूळ इटलीची आहे, कारखाना आपल्याकडे आहे. ट्रॅक्टर घेताना टायरची कंपनीही निवडता येते आणि त्यात बीकेटी निघाली. आमच्या ट्रॉलीला तेच टायर आहेत. बीकेटी म्हणजे मुंबईची बालकृष्ण इंडस्ट्रीज, वाळूजला कारखाना आहे, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. जगभरची पोरं खेळतात त्या गेममध्ये आपल्या ट्रॉलीचा टायर आहे, हे त्यांनी नंतर तीन-चार जणांना तरी सांगितलं असेल.

आता माझी अडचण.

एका मोठ्या ऑनलाइन खरेदीच्या साइटवरून मी हाच गेम मागवला. पानावर स्पष्ट लिहिलं होतं की कॉम्प्युटरसाठी आहे. आलेल्या डबीत डिस्क नव्हती, कोड छापलेली एक चिठ्ठी होती. कोड टाकला तर 'आधीच वापरलेला आहे' असा संदेश आला. विक्रेता म्हणतो की डिजिटल वस्तू परत घेत नाही, आणि साइट म्हणते विक्रेत्याशी बोला. पैसे डेबिट कार्डाने दिले होते. आज अकरा दिवस झाले. आण्णा रोज विचारतात, "आलं का गं?" आणि मी काहीतरी कारण सांगते. त्यांच्यापुढे खोटं बोलण्याचा मला फार त्रास होतोय.

तर कृपया सांगा. हे पैसे परत कसे मिळवू? २२ च घेऊ की नवा २५? भाच्याच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि साधंसंच जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, सध्या तोच आमच्याकडे राहणार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेअरिंग. डावा हात आणि डावा पाय एवढंच चालतं अशा माणसाला कोणतं स्टेअरिंग जमेल? मी पाहिलेल्या सगळ्या संचांत ॲक्सिलरेटर उजव्या पायाला आहे. शेवटचं, कुणाकडे आपल्या १०३५ चं मॉड, म्हणजे गेममध्ये वरून घालायचं मॉडेल, आहे का?

टॉपलिंक

ताई, स्टेअरिंगचं मी सांगतो. लॉजिटेकचं जी २९ तीन वर्षं वापरतोय. ते ९०० अंश फिरतं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच वेढे. बाजारात स्वस्तातली २७० अंशांची मिळतात, ती घेऊ नका. गाड्यांच्या शर्यतीला ती चालतात, पण ट्रॅक्टर चालवलेल्या हाताला एवढ्याशा फिरण्यात सरळ तास धरता येत नाही. आण्णांना तर पहिल्या मिनिटात कळेल.

पायांची काळजी करू नका. या संचात तीन पेडल असतात: डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. गेमच्या कंट्रोल सेटिंगमध्ये कोणतं पेडल कशाला जोडायचं ते आपल्या हातात असतं. क्लचच्या पेडलला ॲक्सिलरेटर द्या, मधला ब्रेक तसाच ठेवा. दोन्ही डाव्या पायाने होतील. २२ पासून हाताने गिअर आणि क्लच वापरायची सोय आली आहे, पण ती ऐच्छिक आहे. ऑटोमॅटिकवर ठेवलं की क्लच लागतच नाही. शिवाय क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) स्टेअरिंगवरच्या एका बटणाला द्या. तास धरला की बटण दाबायचं, मग पायही मोकळा.

एका हाताने फिरवायला स्टेअरिंगला नॉब लावा, ती गोल मूठ. जुन्या ट्रॅक्टरांना, जेसीबीला असते तीच. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते, पट्टीने आवळायची. आणि हे नक्की करा: लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन फोर्स फीडबॅकचा, म्हणजे स्टेअरिंग हाताला जो उलट रेटा देतं त्याचा, जोर आधी अगदी कमी करून ठेवा. सुरुवातीला स्टेअरिंग उलट झटका देतं. एकाच हातावर सगळा भार असेल तर खांदा दुखावेल. हळूहळू वाढवा. त्यांच्या फिजिओथेरपिस्टनाही एकदा विचारून घ्या, रोज किती वेळ बसलेलं चालेल ते.

बिलपावती

पैसे सोडू नका. 'डिजिटल वस्तू परत नाही' असं म्हणून विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. वापरलेला कोड म्हणजे सदोष वस्तूच.

साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतोच, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ घालवू नका, थेट त्या अधिकाऱ्याला लिहा. ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. मेलमध्ये ऑर्डर क्रमांक, उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, चिठ्ठीचा फोटो आणि 'कोड वापरलेला आहे' हा संदेश जोडा. उत्पादनाचं पान आजच जतन करा, विक्रेते नंतर मजकूर बदलतात.

त्याचबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. कार्डाने पैसे दिलेत, तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत फिरवण्याची, मागणीही करा. तिला मुदत असते, म्हणून उशीर नको. एवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. रक्कम छोटी आहे म्हणून संकोच करू नका.

कोरडवाहू

तुमच्या लॅपटॉपवर २२ च घ्या. २५ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्याला यंत्र जास्त ताकदीचं लागतं. मात्र पुढे कधी नवा कॉम्प्युटर घेतलात तर आण्णांना २५ नक्की दाखवा. त्यात म्हशी आहेत, शेळ्या आहेत आणि भात आहे. हुतान पांताई नावाचा आशियाई धाटणीचा नकाशा आहे, तिथे भाताच्या खाचरात पाणी भरावं लागतं. त्यांची पाण्याची तक्रार थोडी तरी मिटेल.

गेम स्टीमवरून घ्या, ते गेमचं ऑनलाइन दुकान आहे. कोड, चिठ्ठी काही नाही. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे लॅपटॉप झेपतोय का ते आधी बघून घ्या, मगच आण्णांना बसवा.

१०३५ बद्दल: गेममधल्या मॅसी या आग्को कंपनीच्या परदेशी मॉडेल आहेत, ८एस वगैरे, अवाढव्य. आपली १०३५ चेन्नईच्या टाफेची, ३६ अश्वशक्तीची. मूळ गेममध्ये ती नाही. खेळणाऱ्यांनी बनवलेली भारतीय ट्रॅक्टरांची मॉड फिरत असतात, पण आधी गेमच्या अधिकृत मॉडहबमध्ये शोधा. बाहेरून घेतलंत तर फक्त झिप फाइल घ्या आणि ती न उघडता तशीच मॉडच्या फोल्डरमध्ये ठेवा. डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' करा म्हणणारी कुठलीही फाइल घेऊ नका, त्यात व्हायरस असू शकतो.

आणि २२ मध्ये साखर कारखाना घ्यायला सांगा त्यांना. ऊस थेट त्यात घालून साखर विकता येते.

सरीवरंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला, दुसऱ्याच दिवशी पोच आली. १९१५ वरही तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. बँकेत चार्जबॅकचा अर्ज देऊन आले. पैसे अजून आलेले नाहीत, पण आता 'विक्रेत्याशी बोला' असं कुणी म्हणत नाही. आण्णांनाही खरं काय ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "आदी सांगायचं न्हाईस व्हय," एवढंच म्हणाले.

स्टीमवरून २२ घेतला. ग्राफिक्स कमीवर ठेवून व्यवस्थित चालतोय, दीड तास तपासून पाहिला. जी २९ शनिवारी आलं. टॉपलिंकदादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे क्लचच्या पेडलला ॲक्सिलरेटर दिला. पहिले दोन दिवस आण्णा सवयीने तेच पेडल दाबून थांबायला बघायचे आणि ट्रॅक्टर उलट जोरात पळायचा. बावीस वर्षांची पायाची सवय आहे ती. काल मात्र एकदाही चुकले नाहीत. फिजिओथेरपिस्टनी दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं सांगितली आहेत. उजवा हात स्टेअरिंगवर नुसता ठेवून बसा, असंही त्या म्हणाल्या.

साखर कारखान्याचं सांगितलं तर म्हणाले, आधी ऊस तर येऊ दे.

आता नॉबचं तेवढं अडलंय. इस्लामपूरच्या दुकानात दोन प्रकार मिळाले. दोन्ही ट्रकच्या जाड रिमचे आहेत, जी २९ वर आवळले तरी फिरतात. मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बघितला, पण अर्ध्या तासात सरकला. ज्यांनी या स्टेअरिंगला नॉब लावलाय त्यांनी तो कुठून घेतला आणि कोणत्या मापाचा, ते सांगाल का? शक्य असेल तर बसवलेल्या नॉबचा फोटोही टाका, मी तो दुकानदाराला दाखवीन.