तांबी असताना लैंगिक संसर्ग होऊ शकतो का?

प्रश्न: दुसऱ्या बाळंतपणानंतर मी तांबी बसवून घेतली, त्यामुळे कंडोम वापरणे आम्ही थांबवले. गेल्या महिन्यापासून अंगावरून पांढरे जाण्याचे प्रमाण वाढले असून संबंधानंतर थोडे रक्तही दिसते. याचा तांबीशी संबंध असेल का?

पहिले उत्तर: ताई, तांबी गर्भधारणा टाळते, परंतु रोगजंतूंना अडवत नाही; गोळ्या आणि इंजेक्शने यांचेही तसेच आहे. संबंधानंतर रक्त दिसणे हे क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूसंसर्गामुळे गर्भाशयमुखाला सूज आल्याचे लक्षण असू शकते, त्याची इतरही कारणे असतात, म्हणून हे दुखणे कृपया अंगावर काढू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना घेतात. त्याला फारसा वेळही लागत नाही.

दुसरे उत्तर: क्लॅमिडिया आढळला तरी सहसा तांबी काढावी लागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. मात्र जोडीदारानेही त्याच सुमारास उपचार घेतले नाहीत, तर तो पुन्हा होतो, आणि नेमके हेच संकोचापोटी राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुर्लक्ष झाल्यास संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्व येऊ शकते. उपचारानंतर साधारण ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आम्ही दोघेही तपासणी करून घेऊ. कंडोमसोबत खोबरेल तेल चालते का?

पहिले उत्तर: नाही. तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटू शकतो. पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण वापरावे.